टॉर्चच्या पोटातला कारभारी

रात्रीचे दोन वाजलेले असतात. पंपघरातला दिवा लागतो आणि तुम्हाला कळते की थ्री फेज आली. पायात बूट, खांद्यावर फावडे आणि हातात टॉर्च घेऊन तुम्ही पांदणीने निघता. हरभऱ्याला पाणी द्यायचे असते, नाहीतर संत्र्याला. कास्तकार बंधूंनो, त्या वेळी तुमच्या आणि अंधाराच्या मधात एकच वस्तू असते, ती म्हणजे हातातली टॉर्च. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल चार वेळा वाचतो. मोटार घेताना वाइंडिंग तांब्याचे आहे का, हे विचारतो. टॉर्च मात्र आठवडी बाजारात भिंतीवर प्रकाश मारून पाहतो आणि खिशात टाकतो.

मीही तेच केले होते. काटोल तालुक्यात आमच्या नात्यातल्या एका वावरात डिसेंबरच्या रात्री ओलिताला गेलो होतो. टॉर्च नवी होती, आदल्या दिवशी पूर्ण चार्ज केलेली. तास-दीड तास झकास उजेड मिळाला. मग पाइप बदलायला धुऱ्यावरून चाललो असताना उजेड एकाएकी गेला. मंद होत गेला असता तर सावध झालो असतो. इथे एका क्षणात काळाकुट्ट अंधार. दोन पावले टाकली आणि थांबलो. या बाजूला एक जुनी विहीर आहे एवढे आठवत होते, ती नेमकी कुठे आहे ते आठवत नव्हते. मोबाइल पंपघरात राहिलेला. तसाच धुऱ्यावर बसून राहिलो. उजाडल्यावर पाहतो तर विहीर सात पावलांवर, आणि तिला कठडा नाही.

घरी आल्यावर मामा म्हणाले, "काहून बाप्पा, टॉर्चच्या भरोशावर कोणी अनोळखी धुऱ्यानं जाते का?" त्यांचे खरे होते. पण टॉर्चने असा दगा का दिला, हे मला समजून घ्यायचे होते. तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे ती उघडली. तो म्हणाला, "पाहा भाऊ, हा सेल, हा एलईडी, अन् मधात हे सर्किट. हा याचा कारभारी. कारभारी काम करून राहिला, पण मुका आहे. तिजोरी रिकामी होऊन राहिली हे मालकाला सांगतच नाही, सरळ कुलूप लावते."

त्या दिवशी कळले की टॉर्चचा चांगला-वाईटपणा भिंतीवरच्या उजेडात नाही, या कारभाऱ्यात आहे. यालाच ड्रायव्हर सर्किट म्हणतात. ते कसे असावे, विकत घेताना कसे पारखावे आणि जुन्या टॉर्चमध्ये नवे बसवून घ्यायचे असेल तर कारागिराला काय सांगावे, एवढेच आज पाहू.

रात्रीचे ओलीत आणि जागल

शेतीपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री फेज देण्याची चक्राकार पद्धत आपल्या राज्यातल्या कास्तकाराने वर्षानुवर्षे सोसली आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. जिथे दिवसा वीज पोचली तिथे रात्रीचे ओलीत सुटले. पण जागल सुटत नाही. रामटेक, पारशिवनीकडे पेंचचे जंगल आहे, उमरेड, भिवापूर, कुहीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचे. जंगलाला लागून नसलेल्या गावांतही रानडुक्कर आणि रोही पिकात शिरतातच.

त्यात साप. भारतात २००० ते २०१९ या वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. यातले बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यातले. मण्यार रात्रीच फिरते, घोणस गवतात दबून बसते. रात्री पावलापुढची जागा दिसली पाहिजे, ही चैनीची गोष्ट नाही.

बल्बला कारभारी लागत नव्हता, एलईडीला लागतो

आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणायची पद्धत आहे. गोंधळ नको म्हणून या लेखात हातातल्या वस्तूला टॉर्च आणि आतल्या वस्तूला सेल म्हणू.

हातात धरायच्या टॉर्चचे अमेरिकन पेटंट १८९९ सालचे आहे. तेव्हापासून शंभरेक वर्षे रचना एकच राहिली: सेल, खटका आणि तारेचा बल्ब. तीन मोठ्या सेलच्या टॉर्चमध्ये ३.८ व्होल्टचा, ०.३ ॲम्पिअरचा बल्ब लागे. सेल उतरला की बल्ब पिवळा, मग लाल, मग विझे. उजेड कमी असे, पण तो जाताना सांगून जाई.

१९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी तयार केला. त्यातूनच पुढे पांढरा एलईडी निघाला. निळ्या एलईडीच्या कामासाठी नाकामुरा, अकासाकी आणि अमानो या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा एलईडी तितक्याच विजेत जुन्या बल्बच्या दहापट उजेड सहज देतो. पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. दाब त्याच्या खाली थोडा उतरला की उजेड झपाट्याने पडतो, वर थोडा चढला की करंट बेसुमार वाढतो आणि एलईडी जळतो.

पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. भरलेल्या टाकीला जोर जास्त, रिकामी होत आली की जोर कमी. रोपाला मात्र धार सारखी हवी. मग कोणीतरी कॉकवर हात ठेवून बसावे लागते. टाकी भरली असताना कॉक आवळायचा, रिकामी होत जाईल तसा उघडायचा. ड्रायव्हर सर्किट हेच काम करते. सेल भरलेला असो की अर्धा, एलईडीला करंट सारखा देते.

रेझिस्टन्सचा हिशेब

स्वस्त टॉर्चमध्ये कॉकवर माणूसच नसतो. तिथे एक रेझिस्टन्स टाकून मोकळे होतात. लिथियमचा एक सेल भरला की ४.२ व्होल्ट असतो, अर्ध्यावर ३.६ च्या आसपास आणि संपत आला की ३.३. एलईडीला ३ व्होल्ट गेले की उरतात ते रेझिस्टन्सच्या वाट्याला. सुरुवातीला १.२ व्होल्ट उरतात, त्यावर ३५० मिलिअँपिअर वाहील असा रेझिस्टन्स धरा. सेल ३.६ वर आला की उरतात फक्त ०.६ व्होल्ट, म्हणजे करंट निम्मा. ३.३ वर आला की पाव. हिशेब ढोबळ आहे, पण दुकानात झगझगीत दिसलेली टॉर्च अर्ध्या रात्रीत का मरगळते, ते यात आले.

चांगला ड्रायव्हर हे ३५० मिलिअँपिअर शेवटपर्यंत टिकवतो. सेल २६०० मिलिअँपिअर-तासांचा खरा असेल तर २६०० भागिले ३५०, म्हणजे सुमारे साडेसात तास. एक रात्र निघाली.

कारभारी कसा असावा?

आता मुद्द्याचे. टॉर्च विकत घ्या की बनवून घ्या, तिच्या सर्किटमध्ये या गोष्टी मागून घ्या.

पहिली गोष्ट, करंट स्थिर. वर सांगितलेच. यासाठी फार महागडे काही लागत नाही. एका लिथियम सेलच्या टॉर्चसाठी ७१३५ नावाची छोटी चिप मिळते. एका चिपमधून सुमारे ३५० मिलिअँपिअर जातात. दुप्पट उजेड हवा असेल तर दोन चिपा शेजारी शेजारी लावतात. ती जादा दाब उष्णतेत घालवते हे खरे. सेल भरलेला असताना १०० पैकी ७१ हिस्से एलईडीला मिळतात, ३.६ व्होल्टवर ८३ आणि ३.३ वर ९१. एकंदरीत सौदा वाईट नाही, आणि साधे सर्किट बिघडते कमी.

दुसरी गोष्ट, मंद उजेड. ही गोष्ट विकत घेणारे सगळ्यात कमी विचारतात आणि वावरात तीच सगळ्यात जास्त कामी येते. नाकाची कुंडी पाहायला, धुऱ्यावरून चालायला दूरवरचा झोत लागत नाही. एलईडीला फक्त ३० मिलिअँपिअर दिले तरी जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळपास उजेड पडतो. आणि तोच २६०० चा सेल त्या उजेडात ऐंशी तासांवर चालतो. जागलीच्या आठ रात्री झाल्या की हो! म्हणून तीन पायऱ्या हव्यात: चालायला मंद, कामाला मध्यम, आणि दूरवर हालचाल दिसली तर जोराचा.

तिसरी गोष्ट, विझण्याआधी सांगणे. माझ्या टॉर्चमध्ये नेमके हेच नव्हते. लिथियमचा सेल फार खाली उतरू दिला तर कायमचा बिघडतो. म्हणून साधारण ३ ते २.८ व्होल्टवर सर्किट त्याला तोडते. सेलच्या दृष्टीने हे बरोबर आहे, पण धुऱ्यावर उभ्या माणसाचे काय? म्हणून आधी पायऱ्या पाहिजेत. सेल ३.३ च्या आसपास आला की दोन-तीन वेळा लुकलुकायचे आणि आपोआप मंद उजेडावर यायचे. सेलमध्ये दहावा हिस्सा, म्हणजे २६० मिलिअँपिअर-तास उरले असतील, तर ३० मिलिअँपिअरच्या मंद उजेडात ते आठ तास पुरतात. माणूस सावकाश घरी येतो, सेलही वाचतो. तोडायचे ते सगळ्यात शेवटी. कारागिराकडे एकच गोष्ट मागायची असेल तर ही मागा.

चौथी गोष्ट, न फडफडणारा उजेड. मंद उजेड देण्यासाठी पुष्कळ सर्किटे एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला ते कळत नाही. पण मळणी यंत्राची पुली, कडबा कुट्टीचे चाक, इंजिनाचा पंखा यांचा वेग आणि ही फडफड जुळली, तर फिरणारे चाक थांबल्यासारखे किंवा सावकाश फिरल्यासारखे दिसते. मोटार मिनिटाला १,४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. पुलीला चार आरे असतील तर सेकंदाला ९६ आरे डोळ्यांपुढून जातात. उजेडही सेकंदाला तितक्याच वेळा लुकलुकला की पुली थांबली असे वाटते आणि हात पुढे जातो. म्हणून फडफड सेकंदाला निदान काही हजार वेळा असावी, किंवा नसावीच. आणि टॉर्च कितीही चांगली असली तरी यंत्र बंद केल्याशिवाय त्यात हात घालायचा नाही, हा नियम बदलत नाही.

पाचवी गोष्ट, उलट्या सेलपासून बचाव. अंधारात सेल बदलताना तो उलटा बसतोच. त्यात सर्किट जळता कामा नये. काही जण यासाठी डायोड टाकतात, पण तो स्वतःच ०.३ ते ०.६ व्होल्ट खातो. एका सेलच्या टॉर्चमध्ये एवढा दाब सोडणे परवडत नाही. मॉसफेट लावला तर हाच बचाव जवळपास फुकट होतो.

सहावी गोष्ट, बंद असताना वीज न खाणे. गुळगुळीत बटणाच्या टॉर्चमध्ये सर्किट बंद असतानाही जागे असते. ते एक मिलिअँपिअर जरी खात असेल तरी २६०० चा भरलेला सेल साडेतीन महिन्यांत न वापरता रिकामा होतो. दिवाळीत चार्ज करून फडताळात ठेवली आणि उन्हाळ्यात काढली तर मेलेली निघते, ती यामुळेच. खटक्याचे जुने बटण वायरच तोडते, त्यामुळे गळतीचा प्रश्नच उरत नाही. शेतकामाला तेच बरे.

सातवी गोष्ट, उष्णता ओळखणे. जोराच्या उजेडात एलईडी आणि सर्किट दोन्ही तापतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सर्किटने स्वतःचा ताप ओळखून उजेड एक पायरी खाली आणावा. तुमच्या बाजूने एवढेच करा की लिथियम सेलची टॉर्च ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा टिनाच्या पत्र्याखाली उन्हात टाकू नका.

आठवी गोष्ट, बटणाचा सरळपणा. एकदा दाबले की लागली, पुन्हा दाबले की पायरी बदलली. मधात तो लुकलुकणारा डिस्को नको. समोर जनावर उभे असताना बटण चार वेळा दाबून उजेड शोधत बसायचे, ही कसली सोय?

आजोबांची टॉर्च नवी करताना

पुष्कळ घरांत जुनी पितळी किंवा स्टीलची दोन-तीन सेलची टॉर्च पडून आहे. अंग दणकट, आरसा चांगला, काच मजबूत. हिला फेकू नका. बर्डीच्या बाजारात किंवा तालुक्याच्या कारागिराकडे एलईडी आणि ड्रायव्हर मिळवून ती नवी करून घेता येते. मात्र सेल कोणते वापरणार ते आधी ठरवा, कारण कारभारी तिजोरी पाहूनच नेमायचा असतो.

तीन मोठे साधे सेल असतील तर नवे असताना साडेचार व्होल्ट मिळतात, उतरता उतरता तीनवर येतात. एलईडीला ३ लागतात, म्हणजे दाब खाली आणणारे साधे सर्किट, वरची ७१३५ चिपसुद्धा, चालते. दोनच सेल असतील तर नवे असतानाच जेमतेम ३ व्होल्ट, पुढे १.८ पर्यंत उतार. इथे दाब वर चढवणारे सर्किट लागते, त्याला बूस्ट म्हणतात. ते सेलमधला शेवटचा थेंब पिळून काढते. पण एक वॉटच्या एलईडीसाठी सेलमधून अर्ध्या ॲम्पिअरच्या आसपास करंट ओढते आणि साध्या स्वस्त सेलला इतका ताण मानवत नाही. म्हणून दोन सेलच्या टॉर्चमध्ये उजेड माफक ठेवा.

लिथियमचा १८६५० सेल घालायचा असेल तर तो एकच घाला. हा आकडा त्याच्या मापाचा आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. मोठ्या सेलच्या नळीत तो खडखडतो, म्हणून प्लास्टिकच्या नळीची बाही लागते. साध्या तीन सेलच्या जागी तीन लिथियम सेल ओळीने बसवले तर १२ व्होल्टच्या वर दाब जाईल आणि सगळे सर्किट क्षणात जळेल.

फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घेऊन जागलीचा दिवा करणारे बरेच जण आहेत. कल्पना चांगली, पण एका एलईडीला १२ व्होल्टवर रेझिस्टन्स लावून जोडले तर चार हिश्श्यांतले तीन हिस्से नुसती उष्णता होते. तीन एलईडी ओळीने जोडा, म्हणजे ९ व्होल्ट कामी येतात आणि वाया जाण्याचे प्रमाण पावावर येते. एकच एलईडी हवा असेल तर दाब उतरवणारे बक नावाचे सर्किट लावा.

चार्जिंगमधला धोका

भिंतीच्या पॉइंटमध्ये सरळ खुपसायची टॉर्च घरोघरी आहे. तिच्यात बहुधा शिशाची छोटी बॅटरी असते आणि चार्जिंगसाठी ट्रान्सफॉर्मर नसतो. नुसता कंडेन्सर लावून २३० व्होल्टची वीज आत आणलेली असते. म्हणजे चार्जिंग चालू असताना आतला प्रत्येक धातूचा तुकडा मेन लाइनशी जोडलेला. अशी टॉर्च चार्जिंगला असताना पेटवू नका, उघडू नका, ओल्या हाताने धरू नका, लेकरांच्या हाती देऊ नका. शिवाय यात भरल्यावर थांबणारे सर्किट बहुधा नसते, दोन-दोन दिवस लावून ठेवली की बॅटरी सुकते. आणि रिकामी ठेवून दिली तरी शिशाची बॅटरी मरते. वापरा न वापरा, महिन्यातून एकदा ती भरलीच पाहिजे.

नवी घेताना मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालणारी घ्या. तो चार्जर मेन लाइनला बाहेरच वेगळा करतो. भरताना लाल आणि भरल्यावर हिरवा दिवा असावा, आणि भरल्यावर करंट आपोआप थांबावा.

दुकानात पाच मिनिटे

सर्किट उघडून पाहता येत नसले तरी काही गोष्टी जागच्या जागी कळतात.

टॉर्च मंद उजेडावर ठेवा आणि तिच्यापुढे पेन झपाझप हलवा. एकाऐवजी पाच-सहा पेनांची रांग दिसली तर फडफड आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा, काळ्या पट्ट्या सरकल्या तरी तेच.

सेलवरचा आकडा वाचा. १८६५० सेलवर ९,९०० लिहिले असेल तर हात जोडून परत द्या. या मापाचा उत्तम सेलही साधारण ३,५०० च्या पुढे जात नाही. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, सोनाराच्या काट्यावर ठेवला की सोंग उघडे पडते. माझ्या टॉर्चचा सेल ३० ग्रॅमसुद्धा भरला नाही. दीड तासात अंधार का झाला ते तिथेच कळले. लिथियम सेलला भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा सेलवरचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहा.

घरी आणल्यावर सर्वांत मोठी परीक्षा घ्या. पूर्ण चार्ज करा, मधल्या उजेडावर लावून ठेवा आणि घड्याळ पाहा. किती तास सारखी चालते, विझण्याआधी इशारा देते का, इशाऱ्यानंतर किती वेळ मिळतो, हे वहीत लिहा. वावरात कळण्याऐवजी घरच्या ओसरीवर कळलेले बरे.

ग्रामपंचायतीने खरेदी करताना

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एक विनंती. ग्रामसुरक्षा दल, कोतवाल, पाणीपुरवठा कर्मचारी यांच्यासाठी टॉर्च घेताना दरपत्रकात नुसते "एलईडी टॉर्च, नग १०" लिहिले जाते. मग सगळ्यात कमी दराची वस्तू येते आणि पावसाळ्याच्या आत भंगारात जाते. त्याऐवजी पुढील मजकूर लिहा:

१. एलईडीचा करंट स्थिर ठेवणारे सर्किट, उजेडाच्या तीन पायऱ्या.
२. मधल्या पायरीवर सलग सहा तास चालेल. पुरवठादाराने ते प्रत्यक्ष दाखवावे.
३. सेल उतरताच इशारा आणि आपोआप मंद उजेड. मंद उजेड त्यापुढे निदान एक तास.
४. सेल उलटा बसल्यास बिघाड होऊ नये.
५. सेल बदलता येण्याजोगा, मानक ब्युरोची नोंदणी असलेला.
६. चार्जिंग ५ व्होल्टवर, भरल्यावर आपोआप बंद.
७. पावसात टिकेल असे आवरण. आयपी ६७ असल्यास उत्तम.
८. एक वर्षाची हमी लेखी.

दहा टॉर्च आल्यावर त्यातली एक रात्रभर लावून पाहा आणि मगच बिल काढा. मेलेले सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू देऊ नका. लिथियमचा सेल जाळला तर फुटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पंचायतीत एक डबा ठेवून ते गोळा करा आणि विक्रेत्याकडे परत द्या.

शेवटचे सांगणे

टॉर्च कितीही चांगली असली तरी ती यंत्र आहे, कधीतरी बंद पडणारच. रात्री वावरात जाताना दुसरा छोटा उजेड खिशात असू द्या, मोबाइल पंपघरात विसरू नका. झोत दूरवर नाही, पावलांपुढे धरा. साप चावलाच तर चिरा देणे, करकचून बांधणे, मांत्रिक शोधणे यात वेळ घालवू नका. चावलेला अवयव फार न हलवता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

मी ती टॉर्च फेकली नाही. त्या कारागिराने तिच्यात दुसरे सर्किट बसवून दिले, खरा सेल घातला. आता ती संपत आली की तीनदा लुकलुकते आणि मंद होते. मामांनी ती पहिल्यांदा लुकलुकताना पाहिली तेव्हा म्हणाले, "हे बरं झालं. जाताना सांगून तर जाते."

आणि हो, त्या विहिरीला आता कठडा बांधला आहे. तुमच्या वावरातल्या विहिरीचे काय?